ओढ्याची जागा ओढ्याला द्या!

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

परवा रात्री आंबिल ओढा पुन्हा आमच्या घरात येऊन गेला. फार नाही, घोटाभर. तीनदा फिनेलने फरशी पुसली तरी वास जात नाही, म्हणून आपल्याला लिहायला बसले. उन्हाळ्यात एक साहेब येऊन सांगून गेले होते, "ताई, यंदा निर्धास्त राहा, ओढा पूर्ण साफ केलाय." साफ केला म्हणजे जेसीबीने गाळ उपसून काठावरच ढीग लावले. दोन जोरदार सरी आल्या आणि गाळ आपल्या घरी परत गेला. बिल मात्र निघालं असेल.

मी पुण्यात तळमजल्यावर राहते, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्या लक्षात नसेल. घटस्थापना चार दिवसांवर होती आणि घरात गिऱ्हाइकांच्या अडतीस साड्या होत्या. पाणी आधी दारातून नाही, मोरीच्या जाळीतून आलं. मशीन टेबलावर चढवेपर्यंत टेबलच तरंगायला लागलं. सासूबाईंना पाठुंगळी घेऊन वरच्या मजल्यावर नेलं, तोवर खाली गल्लीतल्या दुचाक्या एकमेकींवर आपटत वाहून चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका बाईंची पैठणी चिखलातून काढून हातात दिली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांचे पैसे मी दोन वर्षं फेडत होते. अरण्येश्वरला त्याच रात्री भिंत पडून माणसं गेली, त्यापुढे माझ्या साड्या काय म्हणा. पण पंचनाम्याला आलेल्यांनी वस्तूंची बिलं मागितली, ते विसरत नाही. बिलं कपाटात होती, कपाट पाण्यात होतं.

आता मुद्द्याचं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात ह्याच ओढ्यावर वरच्या अंगाला कात्रजला तलाव झाला, तिथून भुयारी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. खाली पर्वतीच्या पायथ्याशी ह्याच ओढ्यावर तळं केलं. म्हणजे वर पाणी थांबायला जागा, खाली थांबायला जागा, मध्ये वाहायला पात्र. त्या खालच्या तळ्याची पुढे सारसबाग झाली. भेळ छान मिळते, पण पाण्याने कुठे बसायचं? तो जुना नळ उघडला की पूर थांबेल असं माझं म्हणणं नाही, तो प्यायच्या पाण्यासाठी होता आणि भरलेला तलाव पूर अडवत नाही. पण कात्रजचा गाळ काढून पावसाळ्याआधी पातळी उतरवून ठेवता येईल की नाही? आणि ओढ्याला त्याची रुंदी परत देता येईल की नाही?

आमच्यामागचं पात्र मी पावलांनी मोजलं. एकोणीस पावलं भरलं. दोन-तीन इकडे-तिकडे धरा. शेजारचे आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी साठ होतं. त्यातही अर्धं सोडून देऊ. उरलेल्या जागेत काय आहे ते बघायला तुम्हीच या, चहा मी करते. एका बाजूला पार्किंग, दुसऱ्या बाजूला भिंत, त्यावर कठडा, कठड्यावर कार्यसम्राटांचा फ्लेक्स. तुम्ही लोक दर वेळी भिंत बांधता. भिंतीने पाणी कमी होत नाही हो, फक्त जोरात धावतं आणि पुढच्या पुलाच्या मोरीत प्लास्टिकसकट अडकून उलटं फिरतं. ते उलटं फिरलेलं पाणी म्हणजे माझं स्वयंपाकघर.

आणि अतिक्रमण कोणाचं दिसतं तुम्हाला? २४ जून २०२१ ला भर पावसाळ्यात ह्याच ओढ्याकाठची गरिबांची घरं पाडली. बायका रस्त्यावर भांडी घेऊन बसल्या होत्या. पात्रात पाय सोडून बसलेल्या मोठ्या इमारतींना मात्र नकाशा मंजूर, दाखला मंजूर, लिफ्टसुद्धा मंजूर. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला, तर तेव्हाच्या मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फोडलं. निदान खेकड्यांनी टेंडर तरी भरलं नव्हतं! १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा सासूबाई लहान होत्या. त्या म्हणतात, तेव्हा धरण फुटावं लागलं होतं, आता ढगफुटी म्हटलं की काम भागतं. मत मागायला तुम्ही सगळे येता, पक्ष कुठलाही असो, आणि चपला बाहेर काढता. ओढा तेवढाही शिष्टाचार पाळत नाही.

तर एवढंच करा. ओढ्याची जुनी हद्द जुन्या नकाशावरून काढा आणि जागेवर दगड रोवा, झोपडीजवळही आणि टॉवरजवळही. काढलेला गाळ त्याच दिवशी उचला. अरुंद मोऱ्या तोडून रुंद करा. बाकी सुशोभीकरण, जॉगिंग ट्रॅक वगैरे नको.

अजून बरंच लिहायचं होतं, पण कात्रजच्या बाजूने काळं भरून आलंय. मशीन माळ्यावर चढवायचं आहे आणि घरात मी एकटीच आहे.

आपली,
तळमजल्यावरची एक करदाती