डिझेल शेडवाल्या काकांना, जाहीर थँक यू

काका, नमस्कार.

असं सगळ्यांसमोर पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, "कसले आभार बिभार" म्हणून उडवून लावाल, तरी लिहितोच.

स्टीम इंजिन म्हटलं की सगळे हळवे होतात आणि डिझेल म्हटलं की नाकाला रुमाल. माझंही डब्ल्यूडीएम-२ या आपल्या रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाबद्दलचं ज्ञान आकड्यांपुरतंच होतं: २६०० हॉर्सपॉवर, १६ सिलिंडर, १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून पहिली इंजिनं आली, १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यू कारखान्यातून बाहेर पडायला लागली. तुम्ही मात्र एकदम धुरापासूनच सुरुवात केलीत. नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं पण टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणारा पंखा, फिरतो एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळून काळा लोट सुटतो. बस, इतकं सोपं! आणि गंमत बघा, अल्कोने १९६९ मध्ये लोकोमोटिव्ह बनवणंच बंद केलं, पण आपल्याकडे त्याच घराण्यातली इंजिनं पुढे कित्येक वर्षं बनत राहिली.

पण खरे आभार जतनाबद्दल तुम्ही जे शिकवलंत त्याचे. आपल्याकडे जुनं इंजिन चौथऱ्यावर चढवायचं, झकास रंग मारायचा, हार घालायचा आणि विसरून जायचं. तुमचा पहिलाच प्रश्न, "चिमणीवर झाकण आहे का?" उघड्या चिमणीतून पावसाचं पाणी टर्बोत आणि तिथून थेट सिलिंडरपर्यंत उतरू शकतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. वर पुढची तंबी, बरेच दिवस उभं असलेलं इंजिन डायरेक्ट क्रँक, म्हणजे स्टार्टर मारून सुरू, करायचं नाही, आधी टेस्ट कॉक, म्हणजे सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या, उघडायचे, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, एखाद्या कॉकमधून पाण्याचा थेंब जरी आला तरी तिथेच थांबायचं, कारण पाणी काही दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला रॉडच वाकतो. चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरचंही तेच, आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून ओल बघायची, मगच करंट.

रंग कुणीही मारेल हो, पण ही आतली काळजी सांगणारी तुमच्यासारखी माणसं कितीशी उरलीत? नव्या पोरांना इलेक्ट्रिकच माहिती, त्यात त्यांचा काय दोष म्हणा.

आता एक हक्काची मागणी. गव्हर्नरचं, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचं, सेटिंग आणि फ्युएल रॅकचं, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या दांडीचं, माप तुम्ही ज्या तेलकट वहीत लिहून ठेवलंय ना, ती मला स्कॅन करायला द्या, पानाला डाग लागू देणार नाही, म्हणजे आहेत त्याहून जास्त लागू देणार नाही.

तुमचाच,
डोकं खाणारा रेल्वेवेडा