जुने लॅपटॉप हवे आहेत, मुलांना खेळायला

सप्रेम नमस्कार,

पर्वती पायथ्याच्या वस्तीत आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. संध्याकाळी पाचवी ते नववीची मुलं तिथे बसतात. गणिताच्या सरावासाठी दोन जुन्या संगणकांवर आम्ही गेम सुरू केले आणि आता त्यांच्यापुढे रोज नंबर लागतात. म्हणून हे आवाहन: घरात किंवा ऑफिसात पडून असलेले, पण चालू होणारे लॅपटॉप आम्हाला द्या. आठ-दहा मिळाले, तर एकेका लॅपटॉपवर दोघं-दोघं बसतील.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मोबाइल सुटावा म्हणून पोराला इकडे पाठवलं, आणि तुम्हीच गेम लावून देता?" शंका रास्त आहे. दर मिनिटाला नाणी वाटणारे आणि मध्येच जाहिरात दाखवणारे गेम आम्हीही लावत नाही. आमच्याकडचे सगळे गेम मोफत आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्समॅथ आहे. टक्समॅथमध्ये वरून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित असतं, उत्तर वेळेत टाइप केलं की उल्का फुटते. पाढे पक्के करायला बरा आहे. त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून नको.

खरी गंमत लुआंटी या गेममध्ये आहे. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. यात ठोकळे रचून हवं ते बांधायचं. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, आणि त्यात १,००० लिटर पाणी मावतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एकच ठोकळा, हे कळलं की मुलं टाक्या मोजत सुटतात. पावसाळ्यात पेपरात धरणांचा साठा टीएमसीत येतो. तो आकडा आपण सगळेच वाचतो, पण एक टीएमसी म्हणजे केवढं पाणी, हे किती मोठ्या माणसांना सांगता येईल? टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच प्रत्येक बाजू हजार फुटांची असलेला घन. मीटरमध्ये बाजू साधारण ३०५, आणि ठोकळे जवळपास २ कोटी ८३ लाख. एवढे कोण रचणार! पण ३०५ ठोकळ्यांची एक कड उभी करून मुलं वर चढतात, खाली बघतात, आणि मग खडकवासल्यात असे किती घन मावतील ते विचारतात. वापरता येणारा साठा धरला, तर दोनसुद्धा पुरते मावत नाहीत.

हे आपोआप मात्र होत नाही. "किती ठोकळे लागतील, आधी वहीत काढ," असं म्हणणारं कुणीतरी शेजारी बसायला लागतं. नाहीतर मुलं नुसते किल्ले बांधतात, आणि ते तर ती दिवाळीत मातीचेही बांधतात. म्हणून शनिवार-रविवारी दोन तास देणारी माणसंही हवी आहेत. गेम येत नसला तरी हरकत नाही, तो मुलं शिकवतील. घनफळ तेवढं आठवत असावं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ चालत नाही म्हणून अनेक धडधाकट लॅपटॉप कपाटात गेले आहेत. आम्ही त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो. ४ जीबी रॅम असली की आमचं काम भागतं. बॅटरी गेलेली चालेल, चार्जर मात्र सोबत द्या. डेटाची धास्ती असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आणि मगच लॅपटॉप द्या. नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसते ती), माउस आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांसाठी रोख मदतही चालेल. पावती मिळेल, पण ८०जीची करसवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कंपनीकडून लॅपटॉप येणार असतील, तर यादीसह लेटरहेडवर पत्र द्यावं.

फुटलेले स्क्रीन, जुने डबा मॉनिटर आणि बंद प्रिंटर कृपया आणू नका. ई-कचरा ठेवायला आमच्याकडे जागा नाही. अभ्यासिका सोमवार सोडून रोज संध्याकाळी ६ ते ९ उघडी असते. देण्याआधी एकदा येऊन बघायचं असेल, तर शनिवारी या.

आपले,
अभ्यासिका समिती, पर्वती पायथा, पुणे