ट्रेनिंगला जातोयस तर हे वाचून जा

सोन्या,

काल फोनवर म्हणालास की परत एनसीडीचं (बीपी, शुगर असल्या न पसरणाऱ्या आजारांचं) ट्रेनिंग लागलंय, नंदुरबारला जाऊन बसायचं, एमबीबीएसला शिकलेलं बीपी-शुगर पुन्हा ऐकायचं आणि इकडे ओपीडी कोण बघणार. तुझ्यासमोर पेशंट होता म्हणून मी गप्प बसले. पण आरोग्य सेविका म्हणून नोकरी काढली मी, असली ट्रेनिंगं भरपूर केलीत, आणि त्यातली बरीचशी दुपारच्या जेवणामुळेच लक्षात आहेत हे पण खरं (पनीर असलं की हजेरी फुल). तरी एका ट्रेनिंगनं आमच्या पीएचसीचं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम खरंच बदललं, तेवढं सांगते.

२०१७ ला तो बीपीचा प्रोग्राम आला बघ, आयएचसीआय (इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह), आपल्या राज्यात आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्याच्या आधी काय चालायचं, म्हातारी यायची, बीपी १७०, कागदावर सीएसटी, म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. पुढच्या महिन्यात १६८, परत सीएसटी. असं वर्षानुवर्षं. गोळी चालू आहे म्हणजे बीपी कंट्रोलमध्ये आहे असं सगळे धरून चालायचे आणि मग एक दिवस तीच म्हातारी लकवा मारून सिव्हिलला. डॉक्टर कामचुकार नव्हते रे, पण बाहेर रांग लागलेली, त्यात डोस वाढवला आणि चक्कर येऊन पडली तर काय ही धास्ती. ट्रेनिंगमध्ये प्रोटोकॉलचं एक पान मिळालं, ते भिंतीवर लावलं. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम या बीपीच्या गोळीनं सुरू करा, महिन्यानं परत मोजा, १४०/९० च्या खाली नाही आलं तर आधी गोळ्या रोज घेतात का विचारा, घेत असतील तर पुढच्या पायरीवर जा, थांबू नका. एवढंच. नवीन ज्ञान काहीच नव्हतं त्यात, फक्त डोस वाढवायची भीती गेली.

म्हणून तू तिकडे जाताना स्लाईड बघायला जाऊ नकोस, आपल्याच रजिस्टरमधले ज्यांचं बीपी-शुगर सहा महिने तसंच अडकलंय असे चार-पाच पेशंट लिहून घेऊन जा आणि फिजिशियन शिकवायला आले की एकेक विचार, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं. लाजू नकोस.

आणि तुझ्या भागातलं पण विचार. तिकडे सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, मग एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या टेस्टवर किती विसंबायचं? आपल्याकडे बायकांना रक्त कमी असतं त्यातही तो आकडा फसवतो, लोह कमी असलं तर उगाच जास्त दाखवतो आणि सिकलमध्ये लाल पेशी लवकर मरतात म्हणून कमी. तिथे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरच बघावी लागते. दुसरं म्हणजे दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, गोळ्या तीस दिवसांच्या आणि माणूस परत येणार होळीच्या आसपास, मधल्या महिन्यांचं काय, जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात का, हे ट्रेनिंगच्या कुठल्या स्लाईडवर नसणार, तुलाच उठून विचारावं लागेल.

एक माझ्याकडून. तरुण बाईला टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी लिहायच्या आधी पाळी कधी आली होती ते विचार, पुढे मूल हवंय का ते पण. गरोदरपणात ती गोळी बाळाच्या किडनीला घातक आहे. डॉक्टर विसरतात, आम्ही एएनएम (आरोग्य सेविका) विसरत नाही.

बीपी मोजायचं मला शिकवायची गरज नाही म्हणशील, पण तुझ्या ओपीडीत एकदा बघ. डोंगर चढून आलेला माणूस लगेच स्टुलावर, पाठीला टेका नाही, हात लोंबता, कफ शर्टावरून, त्यात सिस्टर विचारतायत गाव कोणतं. तंबाखू मळून तोंडात टाकलेली असतेच. पाच मिनिटं बसव, हात टेबलावर छातीच्या पातळीला, जाड दंडाला मोठा कफ, आणि बोलायचं नाही. निम्मी गडबड तिथेच मिटते, नाहीतर नसलेल्या बीपीला गोळी वाढवशील. सिस्टर आणि आशांना हे तूच शिकव, त्यांना कुणी नीट दाखवतच नाही, नुसतं ऑर्डर काढतात.

क्रेडिट पॉइंटचं म्हणत होतास, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० लागतात, ते काय होतील. पण हॉटेलातल्या औषध कंपनीच्या सीएमईत (डॉक्टरांच्या लेक्चरांत) बसून सगळे गोळा करू नकोस, तिथे महागडी नवी गोळी सांगतात जी तुझ्या स्टोअरमध्ये कधी येणारच नाही. त्यापेक्षा पीएचएफआय (पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया) आणि चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेचा डायबेटिसचा सर्टिफिकेट कोर्स असतो, महिन्यातून एकदा क्लास, तो जमतोय का बघ. पैसे कमी पडले तर सांग.

पप्पांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप केलाय. शुगरची मेटफॉर्मिन खूप वर्षं चालू आहे आणि हल्ली तळपायाला मुंग्या येतात म्हणतात, त्या गोळीनं बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी होतं ना, ते कधीच तपासलेलं नाही, तपासायला सांगू का? नऊच्या आत फोन कर, नंतर ते झोपतात.

आई