‘बहादूर’ची नोंद कोण ठेवणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रात्री शिट्टी वाजवत, विजेच्या खांबावर काठी आपटत फिरणारा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दाराशी उभा राहणारा नेपाळी चौकीदार, म्हणजे ‘बहादूर’, नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. (त्याचे खरे नाव विचारण्याची तसदी आमच्या कॉलनीत कोणी घेतली नव्हती, त्यात मीही आलो.) मात्र तो कुठून आणि का येतो, याबद्दलची आपली समजूत आता जुनी झाली आहे.

१९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे सुमारे १,७५१ किलोमीटरची ही सीमा दोन्हीकडच्या नागरिकांना पासपोर्ट-व्हिसाशिवाय ओलांडता येते. नेपाळच्या २००१च्या जनगणनेत परदेशी गेलेल्या सुमारे ७ लाख ६२ हजारांपैकी ७७ टक्के लोक भारतात होते. २०११मध्ये ही एकूण संख्या १९ लाखांवर गेली आणि भारताचा वाटा ३८ टक्क्यांच्या आत आला. वाटा निम्म्यावर आला, तरी भारतात आलेली माणसे कमी झाली नाहीत, उलट वाढलीच. एजंटचे पैसे, पासपोर्ट आणि विमानाचे तिकीट ज्याला जमते तो काठमांडूहून कतारला किंवा मलेशियाला जातो, आणि ज्याला जमत नाही तो अछाम, डोटी, बझांगसारख्या नेपाळच्या सुदूर पश्चिमेच्या जिल्ह्यांतून उत्तराखंडच्या सीमेवरील बनबसामार्गे आपल्याकडे येतो. आखातात जाणाऱ्याला नेपाळ सरकारची ‘श्रम स्वीकृती’ (परदेशात काम करण्याची परवानगी) घ्यावी लागते आणि तिच्यासोबत विमाही येतो. भारतात येणाऱ्याला ती लागत नाही, म्हणून त्याच्या जाण्याची नोंद तिकडे होत नाही आणि येण्याची इकडे.

याचा अर्थ मला गेल्या पावसाळ्यात कळला. आमचा चौकीदार टाकी धुताना शिडीवरून पडला. एका खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर आधार कार्ड मागितले गेले, तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेले नागरिकतेचे प्रमाणपत्र काढून दिले. कागद देवनागरीत होता, नाव, वडिलांचे नाव, जिल्हा, सारे काउंटरवरच्या मुलीने घडाघडा वाचले. पण संगणकात भरायला तिच्याकडे रकानाच नव्हता. घरी कोणाला कळवायचे, हे आम्हा चाळीस घरांपैकी एकालाही सांगता येईना.

उघडी सीमा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ठरावीक कागदपत्रांवर येथे राहणाऱ्या नेपाळी नागरिकालाही आधार मिळू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सोसायट्यांनी त्यासाठी हाताला धरून त्याला केंद्रापर्यंत न्यावे, पगार खात्यात जमा करावा आणि अपघात विम्याचा वार्षिक हप्ता देखभाल खर्चातून भरावा. महानगरपालिका आणि कामगार विभागाने मिळून चौकीदारांच्या नोंदीचा एक साधा अर्ज तयार करावा, मात्र तो संशयितांची यादी म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन पडू नये. त्या अर्जात गावाकडच्या माणसाच्या फोन नंबरासाठी एक रकाना जरूर असावा.

आपला,
एक वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर