एचआर शिकणाऱ्यांच्या हातात एकदा वाळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. आपल्या पेपरात एमबीएच्या जाहिराती रोज दिसतात आणि आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आया गेल्या आठवड्यात मला दारात गाठून विचारून गेल्या, "मुलीला एचआर बरं न्हवं गं? एसीत बसून काम असतंय." एकेकीला उंबऱ्यात उभं राहून सांगण्यापेक्षा हे पत्र लिहावं म्हटलं. शिकवणाऱ्यांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यात, तेरा वर्षं एचआर बघते. एसी आहे, खोटं कशाला सांगू? पण सकाळी येऊन बघावं तर टेबलावर काळ्या वाळूचा थर बसलेला असतो. त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. हजेरी, पगार, पीएफ, कँटीनच्या तक्रारी आणि कोणाच्या तरी मुलाच्या बारशाला उचल, हे सगळं त्याच टेबलावर चालतं. 'मनुष्यबळ विकास' एवढा मोठा शब्द ज्या कामासाठी काढला, ते माणसाला काम शिकवण्याचं काम दुपारी उरलेल्या वेळात होतं.

माझी डिग्री पुण्याची. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार सगळीकडे साधारण सारखाच आहे. दोन वर्षांत भरती, कामगार कायदे, वेतन, मूल्यमापन सगळं झालं. माणसाला शिकवायचं कसं, यावर एक पेपर होता. त्यात प्रौढांच्या शिक्षणावर लिहिणारे माल्कम नोल्स पाच मार्कांना: मोठा माणूस स्वतःच्या अनुभवावर शिकतो, 'हे मला कशाला?' याचं उत्तर मिळाल्याशिवाय शिकत नाही, वगैरे. ट्रेनिंगचा परिणाम जोखायला कर्कपॅट्रिकने १९५९ साली सांगितलेले चार टप्पेही पाठ केले होते. ट्रेनिंग आवडलं का, त्यातून काही समजलं का, कामात काही बदललं का आणि त्याचा कारखान्याला उपयोग झाला का, असे ते चार. परीक्षेत हे मी चारदा तरी लिहिलं असेन. प्रोजेक्ट म्हणून एका कंपनीत 'कर्मचारी समाधान' असली प्रश्नावली वाटली, पाय चार्ट काढले, सोनेरी अक्षरांत बाइंडिंग केलं. दोन वर्षांत एकाही माणसाला एकही काम शिकवलं नाही.

नोकरीला लागून चौथ्या महिन्यात मालकांनी बोलावून सांगितलं, "मोल्डिंगचं रिजेक्शन वाढलंय. पोरांना ट्रेनिंग द्या." म्हणजे साचे भरण्याच्या विभागातला बाद होणारा माल वाढला होता. मी बेचाळीस स्लाइड्स केल्या. पहिली शिफ्ट तीनला सुटते, तेव्हा कँटीनमध्ये प्रोजेक्टर लावला. समोर सव्वीस माणसं: निम्मी खानापूरकडची, बरीचशी बैलहोंगल-सौंदत्तीकडची, पाच-सहा बिहारची. मी मराठीत बोलत होते, स्लाइड इंग्रजीत होती, पंखा आवाज करत होता. शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचा फीडबॅक फॉर्म दिला. सव्वीसच्या सव्वीस फॉर्मवर सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण! मी ते मालकांना नेऊन दाखवले. मागाहून कळलं की सगळे फॉर्म एकाच पोरानं, एकाच पेनानं भरले होते. बाकीचे साडेतीनच्या बसला पळाले होते. पुढच्या महिन्याचं रिजेक्शन होतं तेवढंच.

मोल्डिंगला एक मामा होते, आता रिटायर झालेत. वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथी. ते ऑफिसच्या दाराशी आले, चपला बाहेर काढल्या (मी नको म्हणत असताना) आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलासा ते बरोबरच हाय. खरं वाळू कधी धरून बघितलासा काय?"

मी त्यांच्याबरोबर गेले. वाळू कालवायच्या मिलमधून नुकतीच पडलेली वाळू त्यांनी मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. ढेकळावर चारही बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ते मधोमध मोडलं. कड सरळ तुटली, कणी सांडली नाही. "ही झाली." मग बाजूला दुसरा ढीग करून त्यात तांब्यानं पाणी घातलं. ती वाळू तळव्याला चिकटून आली. तिसरी, सकाळपासून उघडी पडलेली, मोडल्यावर भुरभुर ओघळली. ओल्या साच्यात चौदाशे डिग्रीचं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते. तिला वेळेत बाहेर पडायला वाट नसली की ती धातूत शिरते आणि आत फुगे राहतात. हे ब्लोहोल पुष्कळदा इथं दिसतच नाहीत, गिऱ्हाइकाकडे मशीनिंगला माल लागला की दिसतात. वाळू कोरडी असेल तर साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत बसते. हे सगळं माझ्या सतराव्या स्लाइडवर होतं. तिथं 'मॉइश्चर कंटेंट' असा शब्द होता आणि पुढे तीन ते चार टक्के. ओलावा मोजायचं यंत्र आमच्या लॅबमध्ये आहे. ते शिफ्टमध्ये दोन-तीनदा लावतात. मामांची मूठ दर साच्याला लागायची.

"शिकवताय काय पोरांना?" विचारलं तर म्हणाले, "शिकवतो की." पण ते शिकवायचे कसे, तर स्वतः झपाझप सगळं करून "असं बघ, असं," म्हणायचे. बघणाऱ्याला काय दिसणार? ज्याच्या हातात काम मुरलंय त्याला आपण काय करतो हे सांगता येत नाही. इथं मात्र मला माझी डिग्री उपयोगी पडली, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतली माणसं सैन्यात गेली आणि नवखी माणसं, त्यांत बायका पुष्कळ, मशीनवर आली. त्यांना झटपट तयार करायला सरकारनं १९४० मध्ये एक योजना काढली. तिची शिकवायची रीत चार पायऱ्यांची: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम एकेक टप्प्यानं दाखवा आणि सांगा, मग त्याच्याकडून करवून आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आणि सोडून दिल्यावरही मधूनमधून बघायला या. त्यासाठी आधी कामाचे तुकडे पाडून कार्ड करावं लागतं: टप्पा, त्यातली खुबी, त्या खुबीचं कारण. पुस्तकात ही रीत अर्धं पान होती. मला ते एक कार्ड करायला तीन दिवस लागले.

"मूठ किती घट्ट?" "घट्ट, खरं गच्च न्हवे." "गच्च म्हणजे?" बराच वेळ विचार केला मामांनी. "घरात बुंदीचा लाडू वळतासा न्हवं? तेवढंच." हे मी तसंच लिहिलं. पुढे कळलं की बिहारच्या पोरांना हे सगळ्यात आधी समजलं. वाळूला मराठीत वाळू, कन्नड पोरं म्हणतात उसुकु, बिहारची बालू. तिन्ही शब्द कार्डावर घातले आणि मुठीचं चित्र काढलं. शिफ्ट सुटताना घ्यायचं ट्रेनिंग बंद करून सुरुवातीची वीस मिनिटं घेतली, मिलच्या शेजारी उभ्यानं, दोन-दोन पोरं, हातात वाळू.

यात एक अडचण आली, ती कुठल्याही पुस्तकात मला सापडली नव्हती. मामांना पैसे बॉक्सवर मिळायचे, जितके साचे तितका पगार. पोरांना शिकवत उभं राहिलं की त्यांचे बॉक्स कमी भरणार. वर पोरगं तयार झालं की "म्हाताऱ्याची गरज काय?" ही भीती, ती त्यांनी बोलून नाही दाखवली. शिकवण्याच्या वेळेचे त्यांना वेगळे पैसे मिळावेत म्हणून मालकांशी दोन महिने भांडले. अखेर मिळाले. उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या मालकांना माझं एवढंच सांगणं आहे: कुशल माणूस फुकट शिकवेल ही अपेक्षा सोडा.

ब्लोहोलचा माल कमी झाला. किती, ते मालकांना विचारल्याशिवाय छापायला देता येत नाही. आणि सगळं श्रेय मुठीचं नाही, त्याच सुमारास आम्ही बेंटोनाइटचा, म्हणजे वाळू बांधून धरणाऱ्या मातीचा, सप्लायर बदलला होता. कर्कपॅट्रिकच्या चौथ्या टप्प्यावर नेमकं हेच होतं, कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही. पण तिसरा टप्पा डोळ्यांनी दिसतो. पोरं आता साचा भरण्याआधी मूठ दाबून बघतात.

माझी आई १९७८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात खानापूर तालुक्यातल्या एका गावात रात्रीचा वर्ग घ्यायची. मामांची गोष्ट सांगितल्यावर ती हसली. तिच्या वर्गातल्या बायका पाटीवर 'ग म भ न' गिरवायला कंटाळायच्या, दुसऱ्या दिवशी यायच्याच नाहीत. एकीनं विचारलं, "बाई, बसवरचं वाचायला शिकवा की." बसची पाटी कन्नडमध्ये! आई मराठी शाळेतली, तिलाच कन्नड धड येत नव्हतं. तिनं कंडक्टरकडून खा-ना-पू-र ही चार अक्षरं लिहून आणली, आधी स्वतः गिरवली आणि मग वर्गात शिकवली. त्या आठवड्यात वर्ग भरला. नोल्सचे पाच मार्क मला त्या रात्री समजले.

भाषेचं बोलले तर काही वाचकांच्या भुवया वर जातील. सीमाप्रश्नावरचं माझं मत घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ते बदललेलं नाही आणि इथं तो विषयही नाही. वितळलेल्या लोखंडाची लॅडल डोक्यावरून जाताना समोरच्याला 'सरक' कळतं, 'सरी' कळतं की 'हटो' कळतं, हे ओरडायच्या आधी माहीत असावं लागतं. मी तिशीनंतर कन्नड शिकले, आमच्याच कामगारांकडून. चुका केल्या की अजून हसतात.

भारतात एचआरडी, म्हणजे मनुष्यबळ विकास, हा स्वतंत्र विभाग म्हणून पहिल्यांदा लार्सन अँड टुब्रोत १९७५ च्या सुमारास सुरू झाला, अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांच्या सूचनेवरून. त्याआधी होता तो कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं तो नेमायला लावला होता. आमच्याकडच्या बहुतेक फौंड्र्यांत एवढी माणसं कधी नव्हतीच. माणसाला वाढवण्याचं काम हजेरी-पगाराच्या कामापासून वेगळं काढायचं, ही त्या दोघांची कल्पना. माझ्या टेबलावर ती दोन्ही कामं पुन्हा एकत्र आली आहेत.

आणि शिकाऊ उमेदवार? १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली आता तीस माणसांच्या कारखान्यालाही ते घ्यावे लागतात. आयटीआय झालेली पोरं येतात, त्यांना झाडू देऊन वाळू गोळा करायला लावलेलं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. त्यांना शिकवणार कोण? सुपरवायझरला वेळ नाही आणि एचआरला ते काम येत नाही.

म्हणून विद्यापीठांना विनंती. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ मच्छ्याजवळ आहे आणि कारखानेही मच्छ्यातच आहेत. राणी चन्नम्मा विद्यापीठ भुतरामहट्टीला, होनगा त्याच रस्त्यावर. मोठ्या माणसांना काम शिकवणं आपल्या भागाला नवीनही नाही, खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहेच. एचआर घेतलेल्या एमबीएच्या आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) मुलांना दुसऱ्या वर्षाला प्रश्नावली वाटायला लावू नका. त्यांनी एक कामगार गाठावा, त्याचं एक काम बघून कार्ड करावं, ते एका नवख्याला शिकवावं आणि महिन्यानं परत जाऊन बघावं की तो तसं करतोय का. तोंडी परीक्षा त्या मशीनजवळ घ्या आणि परीक्षकांत एक कामगार बसवा. काम फौंड्रीचंच हवं असं नाही. शहापूरच्या मागावर, हॉटेलच्या भटारखान्यात, दवाखान्यात चादरी बदलणाऱ्या मावशीजवळही ते होईल.

दारात येऊन विचारणाऱ्या आयांना: मुलीला एचआर जरूर घेऊ दे. प्रवेशाआधी कॉलेजात एवढं विचारा की दोन वर्षांत कारखान्यात किती दिवस उभं राहावं लागतं. नोकरीत असलेल्यांसाठी इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा घरबसल्या होतो. मीही तो नोकरी सांभाळत केला, प्रकल्प आमच्याच मोल्डिंग शॉपवर.

कुणा प्राध्यापकांना मुलं पाठवायची असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, गेट पासचं मी बघते. सकाळी सातच्या आत यावं लागेल. बूट ज्याचे त्यानं आणायचे, चष्मे आमच्याकडे आहेत.

आपली,
एक एचआर अधिकारी, शहापूर, बेळगाव
(नाव छापू नये. नोकरी चालू आहे.)