मसाला नंतर, आधी मीठ

कोल्हापूर,
रविवार दुपार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिकनचा फोटो बघितला. रंग झकास, तर्री वर आलेली, कोथिंबीर भुरभुरलेली. आणि खाली तुझी तक्रार, 'पप्पा, रस्सा तिखटजाळ पण फोडी पांचट.' फोनवर सांगायला घेतलं की तुझी आई मधूनच फोन ओढून घेते आणि आपलीच पद्धत सांगायला लागते, म्हणून लिहून पाठवतोय. चपात्या तिच्या आणि चिकन-मटण माझं, ही वाटणी आपल्याकडे जुनी आहे.

तू विचारलंयस, अजून कुठला मसाला आणू? एकही आणू नकोस. हिंजवडीच्या त्या फ्लॅटवर मसाल्यांच्या पाकिटांचं दुकान झालंय असं तुझी मैत्रीणच सांगत होती. फोड पांचट लागते ती मसाला कमी पडला म्हणून नव्हे. मीठ उशिरा पडलं आणि पाणी लवकर पडलं, म्हणून.

मिठाचं बघ. तू चिकन धुऊन थेट फोडणीत टाकतेस आणि मीठ रश्श्यात घालतेस. ब्रॉयलर कोंबडी पंचवीस मिनिटांत शिजते. तेवढ्यात मीठ फोडीच्या मध्यापर्यंत जाणार कसं? मग रस्सा चाखला तर बरोबर आणि फोड चावली तर आत काहीच नाही. त्यावर तू आणखी चटणी घालतेस, रस्सा जाळ होतो आणि फोड आहे तिथंच राहते.

म्हणून चिकन आणलं की पहिलं काम मीठ लावायचं. हाडासकट एक किलोला बारीक मीठ दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे 10-12 ग्रॅम. अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे आलं-लसणाची ताजी गोळी. हाताने चोळून लाव, वरून शिंपडून सोडू नकोस. निदान तासभर ठेव. रविवारी करायचं असेल तर शनिवारी रात्रीच लावून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात झाकून ठेव. आधी पाणी सुटलेलं दिसेल. ते ओतू नकोस. त्याच पाण्यातून मीठ हळूहळू आत शिरतं, मांसातली प्रथिनं थोडी सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शिजल्यावरही फोड चोथ्यासारखी होत नाही. आलं, लसूण, हळद मात्र वरच्या थरातच राहतात, एक रात्र ठेव की दोन. आतपर्यंत जातं ते मीठच. व्हिडिओतले लोक पंधरा जिन्नस लावून रात्रभर मुरवतात आणि श्रेय मसाल्याला देतात.

दह्याचं विचारलं होतंस. आपल्या रश्श्याला लागत नाही, पण तव्यावर परतायच्या चिकनला चार चमचे घट्ट दही चांगलं. लिंबू मात्र तासन् तास लावून ठेवू नकोस, वरचा थर भरड होतो. कच्च्या पपईच्या वाटेला तर जाऊच नकोस. ब्रॉयलर मुळात कोवळी असते, पपईने तिचा लगदा होतो.

धुण्याबद्दलही सांगतो. परदेशातल्या अन्नसुरक्षा संस्था कच्चं चिकन धुऊच नका म्हणतात, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. आपल्याकडे धुतल्याशिवाय कुणाच्या मनाला पटत नाही. धुणार असशील तर नळाच्या धारेखाली नको, पातेल्यात सावकाश धू, ओटा आणि हात साबणाने धू, आणि चिकन चाळणीत पूर्ण निथळू दे. ओलं चिकन पातेल्यात गेलं की परतलं जातच नाही, उकडतं.

आता चिकन कुठलं आणायचं. तू ॲपवरून बोनलेस मागवतेस, साफसूफ छातीचे तुकडे. तिथंच अर्धा रस्सा गेला. छातीच्या मांसात चरबी कमी, जरा जास्त शिजलं की कोरडं. तंगडी आणि मांडीचे स्नायू कोंबडीने चालून-चालून कमावलेले असतात, त्यांच्यात चरबी आणि चिवट पडदे जास्त असतात. ते पडदे हळूहळू शिजताना विरघळून रश्श्यात उतरतात आणि रस्सा ओठांना चिकटतो. दुकानात जाऊन 'करी कट, हाडासकट, मान आणि पाठ टाकू नका' असं सांग. आपण सांगितलं नाही तर मान-पाठ बाजूला जाते, आणि रश्श्याची खरी चव तर त्यातच.

गावरान मिळाली तर वेगळी गोष्ट. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंची होऊन दुकानात येते. गावरान पाच-सहा महिने उकिरडे उकरत फिरते आणि तरी तेवढी भरत नाही. तिच्या मांसाला स्वतःची चव असते, पण शिजायलाही तास-दीड तास घेते. कुकर तिच्यासाठी ठेव. कुकरच्या आत 120 अंशांच्या आसपास तापतं. ब्रॉयलरला तीन शिट्ट्या दिल्यास की धागे हातात येतात. तू तेच करतेस हे मला फोटोवरून कळलं.

पाण्याची पद्धत नीट वाच, खरी मेख इथं आहे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन पळ्या तेल, थोडा चिरलेला कांदा, तो गुलाबी झाला की मुरवलेलं चिकन. आच मोठी ठेवून कच्चा रंग जाईपर्यंत परत. मग आच मध्यम कर, वर खोलगट ताट ठेव आणि त्या ताटात तांब्याभर पाणी ओत. चिकनमध्ये थेंबभरही पाणी नको. ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत खाली पडते आणि कोंबडी आपल्याच अंगच्या पाण्यात शिजते. दहा मिनिटांनी उघडून बघ, केवढा रस सुटलेला असतो. तोवर ताटातलं पाणी कढत झालेलं असतं. रश्श्याला लागेल तेवढं तेच घाल. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि पुन्हा यायला वेळ खाते. शिजलं की नाही हे हाडाजवळ सुरी घालून बघ, गुलाबी रस यायला नको. थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश पुरे. तंगड्यांना 80-85 पर्यंत गेलं तरी चालतं, उलट बरं लागतं.

हा जो रस निघाला ती आपली अळणी. वाटण घालायच्या आधी वाटीभर काढून घे आणि मिरपूड टाकून पी. ती चवदार लागली तर पुढचं काही बिघडणार नाही. पाणचट लागली तर नंतर कितीही चटणी घाल, तिखट पाणचट होईल. आज्जी पाहुण्यांच्या पोरांना तिखट नको म्हणून आधी अळणी-भात वाढायची आणि त्या वासाने मोठी माणसं वाटी घेऊन चुलीपुढं यायची.

मग वाटण. मध्यम दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तीळ, थोडी खसखस, लसूण, कोथिंबीर. तुझ्याकडे इंडक्शन आहे, जाळावर कांदा भाजता येणार नाही. इंडक्शनवर चालणारा लोखंडी तवा घे. कांदा कोरडाच भाज, कडा काळपट होऊ देत, तेल शेवटी. खोबरं मंद आचेवर बदामी; काळं झालं तर कडू, टाकून दुसरं घे. ओल्या पदार्थात तापमान 100 अंशांवर अडकून बसतं आणि भाजल्याचा खमंगपणा 140 च्या आसपास यायला लागतो. कच्चा कांदा वाटून रश्श्यात उकळलास तर तो वास कधीच येणार नाही. मिक्सरमध्येही पाणी जपून, वाटण भज्याच्या पिठापेक्षा घट्ट हवं.

दुसऱ्या पातेल्यात तेल घेऊन वाटण परत, कडेला तेल सुटेपर्यंत. इथं घाई करू नकोस, मोबाइल लांब ठेव. मग आच बारीक करून आपली कांदा-लसूण चटणी घाल. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चटणी तेलावर पडायला हवी. पण ती जळायला क्षणही लागत नाही, तेव्हा अळणीची पळी हाताशी ठेव आणि चटणी फुलली की लगेच ओत. या वर्षीच्या चटणीत रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी आहे, डंकावरून कुटून आणलीय, त्यामुळे दोन चमचे पुरतात. तिच्यात मीठ आहे आणि चिकनलाही लागलंय, तेव्हा रश्श्यात मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही.

आता अर्ध्या फोडी थोड्या वाटणात परतून सुकं कर, अर्ध्या अळणीसकट रश्श्यात सोड. एक उकळी आली की पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवून बंद. झाकून अर्धा तास तसंच राहू दे, तोवर भाकरी नाहीतर भात होतो.

हॉटेलात 'चिकन कोल्हापुरी' म्हणून जी लालभडक, रंग घातलेली, काजूच्या पेस्टमधली गोष्ट मिळते तिच्याशी तुलना करत बसू नकोस. कोल्हापुरात जन्म गेला माझा, घरी ते केलेलं कुणाकडे पाहिलं नाही. त्यापेक्षा तुझ्या मालवणच्या मैत्रिणीकडून ओल्या खोबऱ्याचं वाटण शिकून घे. कोंबडी-वड्यांचा रस्सा आपल्यापेक्षा सौम्य, पण बाई, चव आहे त्याला. फक्त तिलाही सांग, आधी मीठ.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त चांगला लागतो, पण गरम करताना लागेल तेवढाच काढ आणि चांगली उकळी येऊ दे.

चटणीचा डबा शुक्रवारी मामा घेऊन येतोय. उघडल्यावर कोरडाच चमचा घालायचा.

तुझे,
पप्पा

ता. क. आई म्हणते, पांढऱ्या रश्श्याचं राहिलं. अळणीत खसखस-काजूचं वाटण, लवंग, वेलदोडा, मिरी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळा उकळायचं नाही, फुटतं. कढ यायच्या बेतात आला की उतरव.