आजोबांच्या बत्तीस बोअरचा भाव

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले की ते कारखान्याचे संचालक आजोबांच्या रिव्हॉल्व्हरला साठ हजार देतायत, आणि जुनं हत्यार आहे, एवढे मिळतायत तेच खूप. मागून आईचा आवाज, देऊन टाका एकदाचं. तर देऊन टाकायला माझी ना नाहीच, दादाला नकोय, मला तर मुळीच नकोय, बाबांनी बेदाण्याच्या सौद्याची रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरणं कधीच सोडलंय. पण साठला नको. फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत म्हणून लिहितेय, चष्मा लावून शांतपणे वाचा.

मुळात जुन्या मोटारसायकलसारखं याचं नसतं, की वर्षं वाढली की किंमत उतरली. आपल्याकडे सर्वसाधारण लायसनवाल्याला परदेशी हत्यार मागवणं 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालंय. त्याच्या आधी जी आली तीच इकडून तिकडे फिरतायत, नवीन भर पडत नाही, उलट गंजून, मोडून, जमा होऊन कमीच होतायत. आणि आपल्या नळीवर वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम लिहिलंय, म्हणजे इंग्लंडच्या कंपनीचं. दुसरीकडे नवीन देशी माल बघा, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं ते बायकांसाठी म्हणून काढलेलं निर्भीक, तेही आपल्यासारखंच बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप), 2014 साली बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. गंमत म्हणजे कानपूरची साधी बत्तीस बोअरही मूळ वेब्लीच्याच धाटणीवर बेतलेली आहे. म्हणजे ज्याच्या लायसनवर बत्तीस बोअरची नोंद आहे त्याला नवीन घ्यायला लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि तो माणूस तुमच्याकडून मूळ विलायती साठला घेऊन जाणार! संचालक वाईट माणूस आहे असं म्हणत नाहीये मी, घेणारा कमीच बोलतो, ते त्याचं काम आहे.

आता बाबा, दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. तुमचे ते सांगलीचे मित्र सांगतात ना, विलायती आहे, पाच लाखाच्या खाली सोडू नका, तसंही नाहीये. दिवाळीत तुम्ही ते पुसायला काढलं होतं तेव्हा मी नीट बघितलंय. त्याची चमक जरा जास्तच आहे. एवढ्या जुन्या हत्याराची मुठीजवळची, नळीच्या टोकाची काळी झिलई घासून पांढुरकी झालेली असते, चामड्याच्या म्यानात आत-बाहेर करून. आपलं सगळीकडून सारखं काळंभोर. आणि अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात, बर्मिंगहॅममधला शेवटचा भाग तर बोटानेच लागतो, डोळ्यांना दिसत नाही, बाजूच्या एका स्क्रूची खाचही खाल्लेली आहे. म्हणजे कुणीतरी कधीतरी पॉलिश मारून नव्याने ब्लुइंग, म्हणजे ती काळी झिलई, करून घेतलंय, बहुतेक आजोबांनीच, चकचकीत दिसावं म्हणून. पण जाणकार माणूस मूळ झिलईचे पैसे देतो, झिजलेली असली तरी. नवीन काळं केलं की तो हात आखडतो, कारण खाली किती गंज घासून काढला ते कळायला मार्ग नसतो.

अजून एक. गोळ्या भरायच्या चक्रावर मुकुट आणि त्याखाली बीएनपी असा बारीक ठसा आहे, तो बर्मिंगहॅमच्या चाचणीचा ठसा आहे आणि त्या रूपातला ठसा 1954 च्या नियमांपासूनचा. म्हणजे आजोबा सांगायचे की हे इंग्रजांच्या राज्यातलं, साहेबाने दिलेलं वगैरे, ते काही जुळत नाही हो. गोष्ट छान आहे, आपण घरात सांगत राहू, पण गिऱ्हाईकाला सांगू नका, त्याने ठसा वाचला तर बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल.

खरी किंमत आतल्या कामावर ठरते आणि ते तुम्ही घरी बघत बसू नका, प्लीज. सांगली नाहीतर कोल्हापूरकडच्या लायसनवाल्या दुकानात न्या (आधी आपल्या लायसनची हद्द जिल्ह्यापुरती आहे की राज्यभर ते बघा) आणि त्यांच्या मिस्त्रीला बघू द्या, तेही एका नाही, दोन दुकानांत. घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) सावकाश मागे ओढला की चक्राची सहाही घरं एकेक करून नळीसमोर येऊन पक्की बसतात का, घोडा ओढलेला असताना चक्र बोटाने हलवलं तर किती खेळतं, आणि हे मधून मोडून उघडणारं आहे त्यामुळे बिजागरी आणि वरची कडी ढिली झालीय का. बहुतेक या जुन्या वेब्लींची खोड तिथेच असते. मग उजेडात नळीच्या आत, पिळाच्या आट्या धारदार आहेत की खड्डे पडलेत. आपण वर्षानुवर्षं ते म्यानातच ठेवलंय, चामडं ओल धरतं, पावसाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळे मला नळीचीच धास्ती आहे. काडतुसांचंही विचारून घ्या. आपल्याकडे ती खडकीच्या फॅक्टरीची, लांब जातीची मिळतात, बुडावर केएफ असतं, माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे ती फॅक्टरी. ती लांब काडतुसं यात व्यवस्थित बसत असतील तर भाव राहतो, नाहीतर नुसती शोभेची वस्तू.

माझा अंदाज विचाराल तर आतलं काम घट्ट आणि नळी साफ निघाली तर लाखाच्या खाली बोलणीच करू नका, वर किती जाईल ते ती दोन दुकानं सांगतील. दुकानदार स्वतः घेणार असेल तर कमीच देणार, त्याला ते पुढे लायसनवाला मिळेपर्यंत सांभाळायचंय, त्यात गैर काही नाही. नळीत खड्डे निघाले तर मग संचालकांचे साठ हजार चांगलेच आहेत, तेव्हा अडून बसू नका.

गिऱ्हाईक मुळातच कमी असतात हेही धरा. लायसन हवं, त्यावर नोंद हवी, आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे संचालकांकडे आधीच दोन असतील तर ते घेऊच शकत नाहीत, हे पहिल्यांदा विचारा. आणि "बाबासाहेब, आज घेऊन जातो, कागद मागाहून करू" असं म्हणाले तर अजिबात नाही. परस्पर विकायचं तर जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यायचे, असा कायदा आहे. तोवर ते कपाटातच. पैसेही बँकेतून, रोख नको.

आई, तुला माहितीय मला तुझी बाजू जास्त पटते. प्रत्येक निवडणुकीला ते ठाण्यात जमा करा, निकालानंतर जाऊन सोडवून आणा, ती पावती तू पदराला बांधल्यासारखी जपतेस, आणि कपाटाची किल्ली नातवंडं आली की डाळीच्या डब्यात. सत्तरीनंतर वारसाच्या नावावर करता येतं म्हणून बाबा अधूनमधून दादाकडे बघतात, पण तो घेणार नाही, त्याच्या घरी दोन लहान पोरं आहेत आणि वहिनी दारातसुद्धा येऊ देणार नाही.

तर आता एवढंच करा. लायसनच्या पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा, युआयएन नंबर (लायसनचा ओळख क्रमांक) दिसला पाहिजे आणि मुदत कधी संपते तेही. फक्त मलाच, बाबा, गावाच्या ग्रुपवर नको. संचालकांना सांगा पोरगी म्हणते दुकानात दाखवून मग बोलू, नाव माझं सांगा, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे. पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येतेच आहे, दुकानात आपण दोघं जाऊ.

तुमची,
मनू